यंत्र आणि प्रसाद

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिले. यांपैकी भरवसा कोणावर ठेवावा, हा प्रश्न वाशीच्या घाऊक बाजारपेठेतही उभा राहतो. तेथे लिंबू गोणीने विकले जाते; तेच मिरच्यांसह मालमोटारीपुढे टांगले की रक्षक ठरते! नवी मुंबईतील सदनिकांच्या दारांवर श्रीयंत्राचा ताम्रपट दिसतो, क्वचित पंधराचे यंत्रही. वासनिकांची घरे यास सर्वस्वी अपवाद आहेत असे म्हणवत नाही.

पंधराच्या यंत्रात १ ते ९ हे अंक नऊ घरांत असे मांडतात की उभी, आडवी वा तिरपी ओळ घेतली तरी बेरीज १५ येते. हे गणिताचे कौतुक झाले. त्यात रक्षण कोठून येणार? श्रीयंत्रात बिंदूभोवती नऊ मोठे त्रिकोण परस्परांस छेदतात. जाणता तांत्रिक त्यास देवतेचे आसन मानतो. त्याची भिस्त रेघांवर नसून देवतेवर असते. देवता फळ देते, हे महानुभाव शास्त्र नाकारीत नाही. परंतु देवता नित्यबद्ध आहे, तिचे फळ नाशवंत आहे, आणि ते भोगून जीवास परतावेच लागते. नित्यमुक्त परमेश्वरास अनन्यभावे शरण गेलेल्याने दारावर दुसरा राखणदार नेमला, तर अनन्यता उरली कोठे?

चिन्हांविषयीचा गैरसमज पंथाने स्वतःही सोसला आहे. चौदाव्या शतकातील सकळ लिपी म्हणजे एका अक्षराऐवजी दुसरे लिहिण्याची सांकेतिक रीत. किल्ली ठाऊक नसलेल्यास ती पोथी गूढ वाटणारच. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा आत निघाले ते शास्त्र आणि काव्य.

खरा कठीण प्रश्न पुढेच आहे. पंथीयही 'विशेष' जपतात, संबंधित पाषाणास मस्तक लावतात. मग ताइताहून हे निराळे कसे? पाषाण प्रपंचच, त्यास वंदन घडते ते ईश्वरावताराच्या संबंधामुळे, आणि त्या संबंधाने नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण व्हावे म्हणून. तापाने फणफणलेल्या लेकराच्या गळ्यात विशेषाची पुडी बांधून वैद्याकडे जाणे लांबविणारी माउली प्रसादाचाच ताईत करते. तिला बोल लावण्यापूर्वी, हा भेद तिला कधी निरूपिला होता काय, हे भिक्षुकांनी स्वतःस विचारावे. लेकरास औषध वैद्याचे द्यावे. विशेष देवपूजेत ठेवून वंदावा आणि त्याच्या उशाशी बसून स्मरण करावे.