गतकाळातील उद्या

चिखलीहून खामगावकडे जाताना, घाटावरचा मुलूख सरून घाटाखालचे वऱ्हाड सुरू होण्यापूर्वी, बल्लाळदेवीचे अमडापूर लागते; आणि या गावाच्या काय किंवा पंचक्रोशीतल्या दुसऱ्या कोणत्याही गावाच्या काय, पारावर साठी उलटलेल्या माणसांच्या संगतीत घटकाभर बसावे, तर पूर्वीचे दिवस राहिले नाहीत हा निवाडा ऐकल्यावाचून सुटका होत नाही. वृद्धांचे हे गाऱ्हाणे सर्व देशी व सर्व काळी सारखेच असते, असे म्हणून त्याची बोळवण करण्याची आपणा सुशिक्षितांस सवय आहे. परंतु हे 'पूर्वी' म्हणजे नेमके कधी, असे जरा नेटाने विचारले असता जो काळ बहुधा पुढे येतो, तो ऐकून विचारी माणसाने थबकावे. तो काळ १९७० नंतरच्या दशकाचा. म्हणजे ज्या दशकाच्या तोंडीच १९७२ चा दुष्काळ पडला, त्याचा.

त्या दुष्काळात महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून घरी आणली, आणि भर उन्हात खडी फोडून व पाझर तलावांची माती वाहून दिवस ढकलले. हे सारे तपशीलवार सांगणारा माणूसच पुढच्या श्वासाला 'पन तो जमाना चांगला व्हता' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या स्मरणशक्तीविषयी शंका घेण्यास जागा नसते. कारण उपासमार तो विसरलेला नाही. मानसशास्त्रज्ञ याची दोन कारणे देतात. माणसाच्या स्मृतीत दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ इतर आयुष्यापेक्षा दाट साठतो, हे एक; आणि दुःखद प्रसंगांची भावनिक धार सुखद प्रसंगांच्या मानाने लवकर बोथट होते, हे दुसरे. दोन्ही निष्कर्ष खरे मानावयास माझी हरकत नाही. परंतु तेवढ्याने भागत असते, तर प्रत्येक पिढीला आपले तारुण्य सारखेच सोनेरी दिसावयास हवे होते. तसे दिसत नाही. ज्यांची विशी-पंचविशी या शतकाच्या पहिल्या दशकात गेली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना विशेष मदतीची घोषणा करावी लागली त्यांपैकी बुलढाणा या जिल्ह्यात ज्यांनी नांगर हाती धरला, त्यांच्या तोंडून आपल्या उमेदीच्या वर्षांचे असे गुणगान मी तरी ऐकलेले नाही. वास्तविक त्या वर्षांत रस्ते अधिक होते, दवाखाने अधिक होते, घराघरांत वीज होती, आणि मिलो कोणी खात नव्हते.

मग १९७२ मध्ये असे काय होते, जे २००६ मध्ये नव्हते? माझ्या मते उत्तर एकच: उद्या. त्याच साली राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि व्यापाऱ्याच्या तराजूपुढे हात जोडून उभा राहणाऱ्या रयतेला भावाची हमी प्रथमच मिळाली. दुष्काळी कामांतूनच रोजगार हमीचा कायदा पुढे आकारास आला. संकरित ज्वारीने उतारा वाढला. विजेचे खांब गावाच्या शिवेपर्यंत येऊन ठेपले होते, आणि शिकलेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होईल ही अपेक्षा वेडेपणाची ठरत नव्हती. या योजनांपैकी कित्येकींची पुढे काय वासलात लागली हे आपण जाणतो. एकाधिकार खरेदी तर तोट्याच्या ओझ्याखाली अखेर मोडीत निघाली. परंतु आठवण योजनेच्या जमाखर्चाची नसतेच. उपाशी माणसाला, ही उपासमार आता संपणार आहे, असे ज्या काळात मनापासून वाटले, त्या वाटण्याची ती आठवण असते. स्मरणरंजनाला आपण मागे वळून पाहणे समजतो. खरे तर ते एकेकाळच्या पुढे पाहण्याकडे पाहणे आहे.

वऱ्हाडच्या इतिहासात याचा आणखी जुना दाखला सापडतो. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण जन्मली केव्हाची का असेना, तिला उजाळा मिळतो तो कापसाच्या तेजीच्या आठवणीने. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि आठच वर्षांपूर्वी निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या प्रांताच्या काळ्या जमिनीवर सोन्याचे भाव फुटले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले; म्हणजे सुवर्णयुग जेमतेम चार-पाच वर्षांचे. खामगावला आगगाडी पोचली ती १८७० साली, तेजी ओसरल्यानंतर! तरीही लोकस्मृतीत ती चार-पाच वर्षे आणि त्यानंतरची आगगाडी एकाच वैभवाचे अंग होऊन बसली आहेत, कारण दोहोंनीही उद्याचे वचन दिले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ते वचन किती निर्दयपणे मोडले, याची मात्र म्हण झाली नाही.

यावर कोणी म्हणेल की लोकांना हवा असतो तो जुना गाव, त्याचे सौहार्द, त्याची स्वयंपूर्णता. या चित्राचा एक नामांकित चितारी इंग्रज मुलकी अधिकारीच होता, हे ध्यानी घेण्याजोगे आहे: हिंदुस्थानातील गावे ही छोटी लोकराज्ये आहेत, हे सर चार्ल्स मेटकाफ यांचे १८३० मधील टिपण पुढे शतकभर उगाळले गेले. गाव आतून कसा चालतो हे त्रिं. ना. आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त दाखविले, तेव्हा त्या लोकराज्यातील वतनांचे तंटे, बलुत्यांची ओढाताण आणि रयतेची नागवण उघडी पडली. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचे नाव घेऊनच या ग्रामप्रेमाचा समाचार घेतला. वेशीबाहेर ज्यांचे घर होते त्यांना जुन्या गावाची ओढ का वाटावी? आणि तरीही गतकाळाचे स्मरण त्यांनाही गहिवरून आणते. फक्त त्यांचे 'पूर्वी' वेगळ्या तारखेला सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी नागपुरास गेलेल्या माणसांनी, त्यांच्या मुलानातवंडांनी, जो दिवस उराशी जपला, त्या दिवशी त्यांच्या पदरी दारिद्र्याखेरीज काही नव्हते. उद्या मात्र होता, आणि तो कधी नव्हे एवढा मोठा होता.

बायकांचे तर मत याहून स्पष्ट आहे. जात्यावरच्या ओव्या लाखांनी गोळा झाल्या, त्या मोलाच्या आहेत हे खरेच. पण पहाटे उठून पायली दळलेल्या एकीलाही जाते परत हवे असल्याचे मी ऐकले नाही. ओवी हवी, जाते नको, हा विवेक आपल्या पुष्कळ विद्वानांपेक्षा पक्का म्हटला पाहिजे.

शेतातून सोयाबीनने ज्वारी हटविली, ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, आणि आता शहरालगतच्या मळ्यांत पैसे मोजून हुरडा खावयास मिळतो. त्यात गैर काही नाही, फक्त ती करमणूक आहे. तिची गल्लत मी वर्णिलेल्या ओढीशी करू नये. त्या ओढीचा अस्सल नमुना पाहावयाचा, तर खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी पाहावी. इंग्रजी अमदानीपासूनची ती मागणी, शंभर वर्षे उलटली तरी अर्ज, निवेदने, मोर्चे आणि सर्वेक्षणे यांच्या दप्तरात जिवंत आहे. जी गाडी कधी आलीच नाही तिची आठवण आजोबांकडून नातवाकडे वारशाने उतरते, ही गोष्ट गतकाळाच्या सुखांवरून उलगडत नाही.

आजच्या तरुणांचे सोनेरी दिवस कोणते ठरतील, याविषयी मी एक अंदाज करून ठेवतो. तालुक्याच्या गावोगावी निघालेल्या अभ्यासिकांत, महिना काही रुपये भरून मिळवलेल्या हातभर टेबलापाशी, स्पर्धापरीक्षेची पुस्तके रचून ही मुले वर्षामागून वर्षे बसतात. यांतील बहुतेकांची निवड होणार नाही, हे त्यांना, त्यांच्या आईबापांना आणि अभ्यासिकेच्या मालकालाही ठाऊक आहे. शेती विकून घातलेला हा पैसा अर्थशास्त्राच्या दृष्टीने अपव्ययच म्हणावा लागेल. तरी पन्नाशीला पोचल्यावर ते कोणत्या काळाविषयी बोलतील, असे मला विचाराल तर मी या खोल्यांकडेच बोट दाखवीन.