मागावरच्या माणसाचे मन

कबनूरच्या गल्लीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट आधी भेटतो, माणसे नंतर. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे हा धंदा शेजारच्या गावांत पसरला आणि कबनूरमध्ये घरांना खेटून शेड उभ्या राहिल्या. नोकरदारांच्या मानसिक आरोग्यावर हल्ली पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरते. तिथे मनुष्यबळ विभाग असतो, समुपदेशक नेमता येतो. इथे शेडमध्ये मोजकी माणसे, माग दुरुस्त करणारा जॉबर आणि हिशेब ठेवणारा दिवाणजी. मग इथल्या कामगाराने मन मोकळे करायचे कुणाकडे?

शेडमधली बारा तासांची पाळी जवळून पाहायला हवी. एकेक कामगार चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. आडव्या धाग्याची कांडी संपली की बदलायची. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, वाकून तुटलेले टोक शोधायचे, गाठ मारायची. तेवढ्यात पलीकडचा माग थांबलेला असतो. मजुरी विणलेल्या कापडावर, त्यामुळे थांबलेले प्रत्येक मिनिट त्याच्याच खिशातून जाते. आवाज नव्वद डेसिबलच्या वर, शेजारच्याशी बोलायचे ते हातवारे करून. कांडी हवी, जॉबरला बोलव, एवढे खुणेने कळते. गावाकडे आई अंथरुणाला खिळली आहे, रात्र रात्र झोप लागत नाही, हे खुणेने सांगता येत नाही. उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या कामगाराला तर शेडबाहेरही घरचे माणूस नसते. दहा जणांत उभे राहून बारा तास एकटे असणे, हा या कामाचा सर्वांत जाचक भाग आहे असे मला वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दर वर्षी 12 अब्ज कामाचे दिवस बुडतात. मोठ्या कंपन्यांना हा आकडा पटतो, कारण बुडालेल्या दिवसाचाही पगार त्यांना द्यावा लागतो. कबनूरमध्ये बुडालेला दिवस कामगाराच्या चुलीवर येतो. सगळा दोष मालकाच्या माथी मारणेही बरोबर नाही. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा खर्चीवाला वीजबिल आणि कर्जाच्या हप्त्यांनी स्वतःच पिचलेला असतो. एकट्याच्या जिवावर तो समुपदेशक कुठून आणणार?

कारखाने अधिनियम 1948 ने कल्याण अधिकारी सक्तीचा केला होता तो 500 वा अधिक कामगारांच्या कारखान्यात. शेड त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पण अशा विखुरलेल्या कामगारांसाठी महाराष्ट्राने एकदा मार्ग काढलेला आहे. ओझी वाहणाऱ्या माथाडींना कायमचा एक मालक नव्हता. 1969 च्या कायद्याने त्यांची मंडळे झाली, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली जाऊ लागली आणि भविष्य निर्वाह निधीपासून औषधोपचारापर्यंतची सोय त्यातून उभी राहिली. यंत्रमाग कामगारांसाठी स्वतंत्र कल्याणकारी मंडळाची मागणी इचलकरंजी परिसरात जुनीच आहे. त्या मागणीत मनाच्या आधाराचाही हक्काचा वाटा असला पाहिजे. पाळी सुटताना भेटेल, हिंदी-कन्नडही बोलेल आणि ऐकलेले मालकाच्या कानावर घालणार नाही, असा समुपदेशक अनेक शेडनी मिळून ठेवावा. जॉबरला थोडे प्रशिक्षण द्यावे. कुणाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, वाढली, कुणाचे कामात लक्ष नाही, कोण पिऊन येऊ लागला, हे सर्वांआधी त्यालाच कळते. मात्र आठ तासांची पाळी आणि भरपगारी साप्ताहिक सुट्टी यांच्याशिवाय हे सगळे वरवरची मलमपट्टी ठरेल.

मंडळ होईल तेव्हा होईल. मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर मराठी, हिंदी, कन्नडमध्ये चोवीस तास बोलता येते. कारखानदारांनो, या दिवाळीला बोनस वाटताना हा क्रमांक शेडच्या दारावर ठळक अक्षरांत लिहा. आणि कुणाला फोन करायचा असेल, तर तेवढा वेळ त्याचे माग जॉबरला सांभाळायला सांगा, मजुरी न कापता.