शुक्रवारची घटका

देवापाशी काही मागणे हा भक्तीचा हलका प्रकार होय, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त आणि अर्थार्थी यांना ज्ञानी भक्ताच्याच पंक्तीत बसविले आहे व चौघांनाही उदार म्हटले आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानातून सोयीस्करपणे निसटली होती. ती पुन्हा ध्यानात आली ती धार जिल्ह्यातील गंधवानी या गावी, एका मुसलमान दुकानदारामुळे.

एका दस्तऐवजावर त्यांची सही हवी होती. दिवस शुक्रवारचा. दुपारची जुम्म्याची नमाज आटोपून ते दुकानात परतले होते, गिऱ्हाईकही चालू होते. तेव्हा आता काम उरकेल असे आम्ही धरून चाललो. परंतु तिसऱ्या प्रहरची, म्हणजे अस्रची, नमाज झाली आणि त्यांनी गल्ला मुलाच्या हवाली केला, आम्हांस चहा सांगितला व ते आतल्या खोलीत जाऊन बसले. सूर्य मावळेपर्यंत ते बाहेर आले नाहीत. धारची बस निघून गेली. त्याबद्दलचा आमचा राग पुरता गेला आहे असे आजही म्हणवत नाही.

या बैठकीमागचा आधार आम्ही नंतर शोधून पाहिला. शुक्रवारी एक घटका अशी असते की तीत भक्ताने मागितलेले ईश्वर देतो, असे पैगंबरांचे वचन बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाणभूत हदीससंग्रहांत आहे. ती घटका फार थोडकी, असेही हाताच्या खुणेने सुचविल्याचे त्यात नमूद आहे. मात्र ती नेमकी कोणती, यावर एकमत नाही. इमाम प्रवचनास बसल्यापासून नमाज संपेपर्यंत, असे एक मत. अस्रनंतर सूर्यास्तापूर्वीची अखेरची घटका, असे दुसरे. पंधराव्या शतकातील भाष्यकार इब्न हजर यांनी अशी चाळीसहून अधिक मते जमविली आहेत. घटका झाकून ठेवली ती मनुष्याने सबंध दिवस जागे राहावे म्हणून, असे कित्येक विद्वान म्हणतात. आमच्या मुदतीच्या कायद्यात शेवटचा दिवस मोजून काढता येतो, आणि म्हणूनच पक्षकार त्याच दिवशी सायंकाळी कचेरीत धावत येतो!

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. शुक्रवार हा इस्लामात सक्तीच्या सुटीचा दिवस नव्हे. कुराणाच्या बासष्टाव्या प्रकरणात नमाजेची हाक येताच खरेदीविक्री सोडा असे सांगून, लगेच पुढच्या आयतीत नमाज संपल्यावर पांगा आणि उदरनिर्वाह शोधा असे म्हटले आहे. म्हणजे त्या दुकानदारावर आतल्या खोलीत बसण्याची कोणाची सक्ती नव्हती. सामुदायिक नमाज फर्ज, तिचे शब्द अरबी, तिची वेळ ठरलेली. खाजगी मागणे, ज्याला ते दुआ म्हणतात, ते आपल्या बोलीत करता येते. त्यासाठी वेळ मात्र ज्याने त्याने आपल्या धंद्यातून काढावयाचा. आणि येथेच आमचा प्रश्न उभा राहतो: तो वेळ त्यांनी स्वतःच्याच धंद्यातून काढला, की थोडा आमच्यातूनही?

थोडा आमच्यातूनही काढला, हे उघड आहे. परंतु न्यायालयात पुकाऱ्याची वाट पाहत आम्ही जे तास घालवितो त्यांचा हिशेब आम्ही कोणाकडे मागत नाही; प्रार्थनेसाठी गेलेल्या दोन तासांचाच मागतो. हे कशाचे लक्षण?

धार शहरातच वेळेचा प्रश्न किती कठीण होतो हे सर्वांनी पाहिले आहे. भोजशाळा-कमाल मौला या एकाच वास्तूसाठी ७ एप्रिल २००३ च्या पुरातत्त्व खात्याच्या आदेशाने हिंदूंना मंगळवार आणि मुसलमानांना शुक्रवारी दुपारी १ ते ३ अशी वाटणी केली. २००६, २०१३ आणि २०१६ साली वसंतपंचमी शुक्रवारीच आली, आणि शहराने श्वास रोखून धरला. मालकीच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की, आदेशाला जागा आणि तास वाटता येतात. त्या तासात मनुष्य देवाशी बोलतो की शेजाऱ्याला ऐकवतो, हे कोणत्याही आदेशाच्या कक्षेत येत नाही. गंधवानीच्या खोलीत ऐकवायला कोणी नव्हते.

दिवाणी व्यवहार संहितेचा सातवा आदेश सांगतो की वादीने आपली मागणी नेमकी लिहावी. न्यायालयास योग्य वाटेल ती इतर दाद मात्र न मागताही मिळू शकते. दाव्याच्या या शेवटच्या कलमाला इंग्रजी अमदानीपासून प्रार्थनाच म्हणतात. पक्षकाराला ‘तुम्हांला नेमके काय हवे?’ असे विचारले की तो बहुधा गडबडतो. प्रतिवादीने काय केले हे तो तासभर सांगेल. स्वतःला काय हवे हे सांगण्यास त्याला वेळ लागतो.

आमच्या कोकण-गोव्यात गाऱ्हाणे घालतात. गावाच्या वतीने एकजण देवापुढे उभा राहून साध्या बोलीत रोग, पाऊस, भांडणे, परदेशी गेलेली मुले, सर्व मांडतो आणि मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणतात. लहानपणी आम्हीही म्हटले आहे. पुढे शिकलो, आणि त्यात आम्हांला अडाणीपणा दिसू लागला. मंगेशीस सोमवारच्या पालखीला आम्ही कित्येकदा हजर राहिलो. वाद्ये, आरती, प्रसाद, सर्व यथासांग. परतताना डोक्यात दुसऱ्या दिवशीची तारीख असे.

दिवेलागणीला ते गृहस्थ बाहेर आले. खोळंबा झाल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आणि कागद पुढे ओढला. एवढा वेळ काय मागत होता, असे आम्ही जरा फटकळपणेच विचारले. वडिलांपासून सुरुवात करतो, ते म्हणाले, मग भाऊबंद, मग देणेकरी. स्वतःपर्यंत पोहोचता पोहोचता बहुधा मगरिबची अजान होते. मग त्यांनी चष्मा लावून दस्त पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला. त्या रात्री गंधवानीतच मुक्काम पडला. झोप येईना, म्हणून आम्हीही नावे आठवू लागलो. चौथ्या-पाचव्या नावापाशीच अडलो, कारण तो मनुष्य जिवंत आहे की नाही हे आम्हांला ठाऊक नव्हते.