सही कोणाची?

आमची थोरली मावशी ८४ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिचे पोट फुगले, उलट्या थांबेनात. रुग्णालयात नेल्यावर निदान झाले, आतड्याला पीळ पडला आहे. पहाटेच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर आतडे कुजेल. मावसभाऊ, वहिनी आणि मी दाराशी उभे होतो. संमतिपत्र भावाच्या हाती आले. तेवढ्यात तेथील तरुण शल्यचिकित्सकाने विचारले, “दोन आठवड्यांपूर्वी आजी घरात कशा वावरत होत्या?”

“अगदी ठणठणीत,” भाऊ म्हणाला. “स्वतःचे सगळे स्वतः करते.” तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे डोईवर भाजीची टोपली घेऊन बाजार गाठणारी आई होती, वीस वर्षांपूर्वीची. वहिनी मात्र हळू आवाजात म्हणाली, “नाताळापासून त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. न्हाणीघरात जाताना माझा हात लागतो. मिस्सेला आता रिक्षाने नेतो, तरी परत आल्यावर दुपारभर पडून असतात.”

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या घरांतून अशा प्रसंगी दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, “या वयात चिरफाड कशाला?” आणि दुसरे, “कितीही पैसा लागो, आईला वाचवा.” दोन्ही प्रेमापोटीच येतात, परंतु दोन्हींत त्या माणसाकडे कोणी पाहिलेले नसते.

वैद्यकशास्त्र आता वयापेक्षा जर्जरतेकडे अधिक लक्ष देते. २००१ साली लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाच लक्षणे मांडली: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि आक्रसलेला वावर. यांपैकी तीन दिसली की माणूस जर्जर समजावा. पुढे २००५ मध्ये कॅनडातील केनेथ रॉकवूड यांनी रुग्णाच्या रोजच्या वावरावरून जर्जरतेची पायरी ठरविण्याची श्रेणी दिली. आमच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वीची मावशी विचारली ती याचसाठी. आजच्या दुखण्याने तर धडधाकट माणूसही आडवा होतो.

वैशाखातल्या विहिरीसारखे हे असते. वरून पाणी दिसते. उपसा सुरू झाला की तळ लागतो. शस्त्रक्रिया हा असाच उपसा आहे. ब्रिटनमधील ४९ रुग्णालयांत २०१७ साली ६५ वर्षांवरील ज्या रुग्णांच्या पोटावर तातडीची शस्त्रक्रिया झाली, त्यांची पाहणी करण्यात आली. त्यांत सुमारे पाचांतील एक जर्जर होता. वयाचा परिणाम वेगळा काढून पाहिला तरी, जर्जरता जितकी अधिक तितका तीन महिन्यांच्या आत मृत्यूचा धोका अधिक, असे आढळले.

मग जर्जर माणसावर शस्त्रक्रिया करूच नये काय? असा अर्थ कोणी काढील, आणि खर्च वाचविण्यासाठी काढील, याची मला धास्ती वाटते. जर्जर म्हणजे टाकाऊ नव्हे. श्रेणी धोका सांगते. तो पत्करावा की नाही, हे सांगण्याचा अधिकार तिला नाही.

येथे आपली जुनी नीतिपरंपरा उपयोगी पडते. भुलीचे औषध नव्हते त्या काळी, सोळाव्या शतकात, पाय कापून घेण्याच्या असह्य वेदना सोसण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे ईशज्ञानी मांडत असत. साधारण व असाधारण उपायांचा भेद त्यातूनच घडला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तो पुन्हा स्पष्ट केला. जे उपाय स्वतःवर वा इतरांवर भारी ओझे लादत नाहीत, तेवढेच माणसाला बंधनकारक. आणि ते ओझे व्यक्ती, स्थळ व काळ पाहून जोखायचे. म्हणजे तीच शस्त्रक्रिया एकासाठी साधारण, शेजारच्या खाटेवरील दुसऱ्यासाठी असाधारण असू शकते. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आपण सोयीने विसरतो: रुग्ण बेशुद्ध असला तरी कुटुंबाचा अधिकार त्याच्या संभाव्य इच्छेवरच उभा असतो.

आमची मावशी तर शुद्धीवर होती. पडद्याआड पाच पावलांवर. तिला विचारावे हे आम्हां तिघांनाही सुचले नाही. “तिला कशाला घाबरवायचे?” हे आपले नेहमीचे समर्थन. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तात्पुरत्या भुलेत असलेल्या सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती पुरेशी मानली नव्हती. कायद्याला जे कळते ते मायेला कळू नये!

डॉक्टरच पडदा सारून आत गेले. सगळे ऐकून घेऊन मावशीने एकच विचारले, “बाबा, न्हाणीघरापर्यंत माझ्या पायांनी जाता येईल ना?” डॉक्टर म्हणाले, “आजी, वचन देता येत नाही. प्रयत्न करू.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “करा.”

शस्त्रक्रिया दोन तासांची. बरे होणे चार महिन्यांचे. तिसऱ्या रात्री तिला भ्रम झाला, मेलेल्या बहिणीला हाका मारू लागली. चष्मा आणि कानातले यंत्र कोणी पिशवीत टाकले होते; ते लावून वहिनी उशाशी बसली तेव्हा कुठे ती निवली. अंथरुणावरचा एकेक दिवस स्नायूंचे बळ खातो, म्हणून दुसऱ्याच दिवसापासून तिला धरून बसवायचे, मग उभे करायचे, अंडे नाहीतर डाळ घासाघासाने भरवायची. “वाचवा” म्हणणाऱ्या मुलाने एवढ्याचीही सही केलेली असते. प्रत्यक्षात ती बहुधा सुनेच्या नावे पडते. शस्त्रक्रिया नको असे ठरले असते, तरी वेदना शमविणे, धर्मगुरूंना बोलावणे, हात धरून बसणे यांतून सुटका नव्हतीच.

आज मावशी काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते. अंगण मात्र सुटले. वाटेत मध्यावर वहिनीने एक खुर्ची ठेवली आहे. मावशी कधी बसते, कधी नाही. पुन्हा अशी रात्र आली तर काय, हे तिने अजून सांगितलेले नाही. भाऊ विचारायचे टाळतो. येत्या रविवारी मिस्सेनंतर मी तिच्याकडे जाणार आहे.