कामावरची मैत्री आणि तिच्यामागची व्यवस्था

स्त्रीच्या मैत्रीचा विचार आपल्याकडे बहुधा माहेरापाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. विदर्भात भुलाबाईच्या गाण्यांत आणि शाळेच्या बाकावर जुळलेल्या मैत्रिणी लग्नानंतर वेगवेगळ्या गावी जातात, आणि सासरी जी नाती वाट्याला येतात, ती जाऊ, नणंद, सासू अशा मानपानाच्या क्रमाने आधीच ठरलेली असतात. त्यामुळे प्रौढ वयात स्वतः निवडून जोडलेले पहिले नाते अनेकींना कामाच्या ठिकाणीच भेटते, मग ते कापसाचे शेत असो, अंगणवाडी असो की तहसील कार्यालय. हा दोघी-तिघींचा खासगी जिव्हाळा आहे, असे मानून धोरणकर्ते त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक कामाची रचना, मोबदल्याची पद्धत आणि एकत्र बसण्यासाठी मिळणारा वेळ यांवर ही मैत्री टिकते किंवा मोडते, आणि म्हणूनच तिची जबाबदारी काम देणाऱ्या व्यवस्थेवरही येते.

यवतमाळ जिल्ह्यातील नेर, म्हणजेच नेर परसोपंत, हे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या खेड्यांनी वेढलेले तालुक्याचे गाव आहे. अशा तालुक्यातील खेड्यात सरकारचा चेहरा मुख्यतः तीन स्त्रियांचा असतो. पहिली उपकेंद्राची आरोग्यसेविका, जिच्याकडे सर्वसाधारण निकषानुसार सुमारे ५,००० लोकसंख्या असते. दुसरी २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविका. आणि तिसरी २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा, जी साधारण १,००० लोकसंख्येमागे एक असते. पहिली शासकीय सेवेत किंवा कंत्राटावर वेतन घेते, दुसरीला मानधन मिळते, तर तिसरीच्या उत्पन्नाचा एक भाग केलेल्या प्रत्येक कामामागे ठरलेल्या मोबदल्यातून येतो. वरिष्ठ आणि नोंदवह्या वेगळ्या असल्या, तरी ज्या बाळंतिणीच्या आणि कुपोषित बालकाच्या दारी या तिघी जातात, ते दार एकच असते.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत भरणाऱ्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवशी हे जवळून पाहता येते. आरोग्यसेविका बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीतून लशी आणते, अंगणवाडी सेविका वजनकाटा मांडून मुलांची वजने घेते, आणि आशा घरोघरी फिरून आयांना बोलावून आणते. गोवर-रुबेलाच्या लशीची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की चार तासांच्या आत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यावी लागते. त्यामुळे सोयाबीनच्या सोंगणीला गेलेली आई बाळाला घेऊन वेळेवर येणे हा तिघींचाही प्रश्न होतो. कोणत्या घरी सासूची समजूत काढावी लागेल, कोणाला शेतातून बोलवावे लागेल आणि मागच्या लशीनंतर ताप आल्यामुळे कोण घाबरली आहे, ही माहिती कोणत्याही रकान्यात नसते. ती एकमेकींवर विश्वास असलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातूनच इकडून तिकडे जाते. जिथे हे बोलणे थांबते, तिथे कागदावर तिन्ही योजना चालू असूनही मूल लशीवाचून राहते.

या कामाचा आणखी एक भाग नोंदींच्या बाहेर राहतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये भावश्रम ही संकल्पना मांडली. कामाची गरज म्हणून स्वतःच्या भावना आवरणे आणि समोरच्याच्या भावना सांभाळणे, असा तिचा अर्थ. दगावलेल्या बाळाच्या आईजवळ बसणे किंवा दारू पिऊन अंगावर ओरडणाऱ्या घरधन्यासमोर शांत राहणे हे श्रमच आहेत, पण त्यांचा शीण घरी सांगता येत नाही, कारण घरच्यांना तो कळत नाही आणि गावातल्या घरातली गोष्ट बाहेर नेणेही योग्य नसते. तो शीण हलका करण्याची जागा म्हणजे तेच काम करणारी दुसरी स्त्री. ॲरिस्टॉटलने उपयोग, सुख आणि सद्गुण असे मैत्रीचे तीन आधार सांगितले आणि उपयोगावर उभी असलेली मैत्री उपयोग सरताच संपते, असे मानले. कामकरी स्त्रियांच्या मैत्रीला ही विभागणी लागू पडत नाही, कारण ती गरजेतून सुरू होते आणि त्याच गरजेत एकमेकींचा कस लागल्यामुळे खोल होत जाते.

यावर ‘बाईच बाईची शत्रू’ हे वाक्य ठरल्याप्रमाणे पुढे केले जाते. स्त्रियांमध्ये हेवेदावे असतात हे खरे, परंतु ते कोणत्या परिस्थितीत वाढतात हे पाहिले की त्यांचे खापर स्वभावावर फोडता येत नाही. कापसाच्या वेचणीत शेजारशेजारच्या तासांवर काम करणाऱ्या बाया किलोच्या दराने वेचत असतील, तर मागे पडलेल्या गरोदर सोबतिणीच्या तासावर हात चालवणारी स्त्री संध्याकाळी काट्यावर स्वतःचेच वजन कमी करून घेते. हेच काम रोजाने असेल तर त्याच मदतीची किंमत तिला मोजावी लागत नाही. आशांच्या बाबतीतही मोबदल्याचा एक भाग कामागणिक असल्यामुळे बाळंतपणाची नोंद कोणाच्या नावावर पडली, हा प्रश्न मैत्रीच्या आड येतो. ज्या रचनेत एकीची मदत म्हणजे दुसरीचे नुकसान ठरते, तिथे स्पर्धा ही व्यवस्थेने पेरलेली असते.

व्यवस्थेने पेरलेल्या स्पर्धेइतकाच जातीचा अडसरही मोठा आहे. डबा कोणाबरोबर उघडायचा आणि कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे, हे जिथे जात ठरवते, तिथे आपल्या-आपल्यांतली जवळीक इतरांना बाहेर ठेवण्याचे साधन बनते, आणि अशा कंपूला मैत्री म्हणणे चुकीचे आहे. या बाबतीत महाराष्ट्राजवळ एक जुना आदर्श आहे. आजारपणामुळे नायगावला राहिलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतीरावांना लिहिताना, आपल्या गैरहजेरीत शाळेच्या कामातील सहकारी फातिमाला त्रास पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा विश्वास व्यक्त केला आहे. धर्माची सीमा ओलांडलेले हे नाते एका सामायिक कामातून, मुलींच्या शिक्षणाच्या कामातून उभे राहिले होते, आणि आजारी सहकारिणीचे काम निमूटपणे उचलणे हेच त्याचे स्वरूप होते.

अशा सोबतीचे मोल कायद्यानेही ओळखले आहे. राजस्थानात महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी बालविवाहाला विरोध केल्याबद्दल १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री-संघटनांनी दाखल केलेल्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आणि लहान किंवा असंघटित कामांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, अशी त्याची रचना आहे. पीडित स्त्री शारीरिक कारणाने तक्रार देऊ शकत नसेल, तर तिची मैत्रीण किंवा सहकारी ती देऊ शकते, असे या कायद्याखालील नियम सांगतात. खेड्यात एकटीने फिरणाऱ्या आशेला जिल्ह्याची समिती दूरची वाटते. त्या समितीपर्यंतचा पहिला टप्पा म्हणजे जिच्यापाशी ती तोंड उघडू शकेल अशी सोबतीण.

हीच जवळीक वाढत जाऊन संघटनेचे रूप घेते. २०२१ मध्ये निकृष्ट मोबाईल आणि न समजणाऱ्या ॲपच्या विरोधात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये आशाही संपात उतरल्या. अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदानाचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, त्यामागेही वर्षानुवर्षांची अशीच चिकाटी होती. संपाच्या काळात मानधन बुडते, घरचे बोलतात, गावात टोमणे ऐकावे लागतात. अशा वेळी केवळ मागण्यांच्या पत्रकावर कोणी टिकत नाही, शेजारच्या गावची सेविकाही बसली आहे या खात्रीवर टिकते.

तरीही या मैत्रीचा गौरव करताना एक धोका ओळखला पाहिजे. एकीचे मूल आजारी पडले की दुसरी तिचे सर्वेक्षण उरकते आणि वयस्कर सेविकेची ऑनलाइन माहिती तरुण सेविका भरून देते, तेव्हा बदली कर्मचारी, प्रशिक्षण आणि भरपगारी रजा यांचा खर्च प्रत्यक्षात मैत्रीच सोसत असते. व्यवस्थेने याला सेवाभाव म्हणून टाळ्या वाजवणे म्हणजे आपली उणीव दुसऱ्याच्या चांगुलपणाने झाकणे होय.

म्हणून मागणी करायची ती साध्या गोष्टींची. आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि आशा यांची महिन्यातून एक संयुक्त बैठक असावी आणि तिच्यात आकडे घेण्यापूर्वी काही वेळ त्यांच्या अडचणींसाठी राखलेला असावा. एकत्रित कामाचा मोबदला एकत्रित मोजावा. रजेच्या काळात पर्यायी व्यक्ती द्यावी. बैठक अशा वेळी संपावी की गावोगावी परतणाऱ्यांना शेवटची एसटी मिळेल. मैत्री हुकमाने निर्माण करता येत नाही, पण तिला लागणारा वेळ, जागा आणि निर्धास्तपणा देता येतो, आणि जी व्यवस्था स्त्रियांच्या एकमेकींना सांभाळण्यावर चालते, तिने एवढे देणे हे उपकार नसून तिच्यावरचे देणे आहे.