अकिलीज, कासव आणि अमावास्या

अकिलीज सेकंदाला 10 मीटर धावतो, कासव 1 मीटर, आणि कासवाला 90 मीटरांची आघाडी आहे. शाळकरी मुलगी वेळ ‘क्ष’ मानते, 10क्ष = 90 + क्ष मांडते आणि 10 सेकंद हे उत्तर काढून मोकळी होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या ग्रीक तत्त्वज्ञ झेनोची अडचण वेगळी होती. अकिलीज 90 मीटर कापतो तोवर कासव 9 मीटर पुढे. ते 9 कापेपर्यंत आणखी 0.9. हे संपायचं कधी?

या टप्प्यांना लागणाऱ्या सेकंदांची 9 + 0.9 + 0.09… ही बेरीज 10 सेकंदांची वेस ओलांडत नाही, हे खरं. पण अनंत बेरीज म्हणजे नेमकं काय, हे काटेकोरपणे सांगायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. शिवाय धावणाऱ्याला ‘वेग’ असतो, हे समीकरण आधीच धरून चालतं. तो वेग असतो कुठे?

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने बोट ठेवलं ते इथेच. ‘मूलमध्यमककारिके’च्या दुसऱ्या प्रकरणात तो विचारतो: चालून झालेल्या वाटेवर चालणं नाही, अजून न चाललेल्या वाटेवरही नाही, मग ते आहे कुठे? चालणारा आणि चालणं एकमेकांवाचून उभे राहत नाहीत, कशालाच स्वतःपुरतं अस्तित्व नाही, हा त्याचा रोख. बीजगणिताचं याच्याशी वैर नाही. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. एका क्षणाला आगेमागच्या क्षणांपासून तोडलं, तर त्यात वेग सापडणारच नाही.

भास्कराचार्यांना हा प्रश्न आकाशात भेटला. चंद्राची चाल सतत बदलते. म्हणून 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ते सांगतात, की तिथी संपण्याची वेळ जवळ असेल तर चंद्राची दिवसभराची ढोबळ गती चालणार नाही, तात्कालिक गतीच घ्यायला हवी.

तिथी हा तरी पाठलागच. चंद्र दिवसाला सरासरी 13 अंश 10 कला सरकतो, सूर्य 59 कला. फरक 12 अंश 11 कला. 360 अंशांना त्याने भागलं की साधारण साडेएकोणतीस दिवस येतात. तेवढ्यात चंद्र पुन्हा सूर्याला गाठतो, ती अमावास्या. दर 12 अंशांच्या आघाडीला एक तिथी, आणि एकादशीचा उपास कोणत्या दिवशी धरायचा हे पंचांगकर्ता याच हिशेबावरून ठरवतो.