सरासरीत न मावणारे रान

वर्षावनाला ऋतू नसतात, हा समज जुना आहे. बारा महिने ऊब, बारा महिने ओल. मग तिथल्या किड्यांची संख्या कमीजास्त व्हायचे कारण काय? कीटकशास्त्रातही असेच धरून चालत. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर प्रकाशसापळे लावून किडे मोजणाऱ्या हेंक वोल्डा यांनी १९७८ साली या समजाला धक्का दिला. उष्ण कटिबंधातल्या कीटकांची संख्याही वर्षागणिक थंड प्रदेशातल्याइतकीच वरखाली होते, असे त्यांचे आकडे सांगत होते.

मग हे जीव बेभरवशाच्या काळाशी जुळवून कसे घेतात? बोर्निओतल्या सारवाकमधले लांबीर हिल्सचे जंगल घ्या. साल वृक्षाच्या कुळातले तिथले उंच वृक्ष दरवर्षी फुलत नाहीत. कधी दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी, अनेक जाती एकदमच बहरतात. त्याआधी बहुधा पावसाने काही आठवडे ओढ दिलेली असते. बहर आला की आपल्याकडच्या कड्याकपारींत दिसणारी आग्या मोहोळे तिथे लटकू लागतात आणि फुले सरली की माश्या निघून जातात. मलाय द्वीपकल्पातल्या पासोहच्या जंगलात फुलकिड्यांची रीत वेगळी. कांदा-मिरचीवाल्या शेतकऱ्याला नकोसा असलेला हा जीव तिथे एरवी थोडक्यात भागवतो. कळ्या धरल्या की मात्र आठेक दिवसांत एक पिढी, अशा वेगाने वाढतो आणि या उंच झाडांचे परागीभवन करतो. माशीची भिस्त पंखांवर, फुलकिड्याची पिढ्यांवर.

ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याचे काय? उंबर फोडल्यावर दिसणाऱ्या बारीक किड्याचे, म्हणजे वास्पचे, नातलग लांबीरमध्येही आहेत. अंजीर-उंबराच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक झाडाची वास्प ठरलेली असते. मादी कोवळ्या फळाच्या तोंडाशी असलेल्या फटीतून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच तुटून राहतात. आत ती पराग पोचवते, अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीच्या माद्या बाहेर पडल्या की त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात योग्य वयाचे दुसरे फळ सापडलेच पाहिजे.

१९९८च्या आरंभी एल निनोमुळे लांबीरमध्ये कडक अवर्षण पडले आणि अनेक झाडांनी नवी फळे धरणेच थांबवले. नर आणि मादी झाडे वेगळी असलेल्या कित्येक जातींच्या वास्प तिथून साफ नाहीशा झाल्याची नोंद ऱ्हेट हॅरिसन यांनी केली. या वास्प झाडीतून खालूनच उडतात, फार लांब जात नाहीत. ज्यांच्या वास्प जंगलाच्या माथ्यावरून वाऱ्यासोबत दूर जातात, ती झाडे बरीच निभावली. गेलेल्यांपैकी काही वास्प पुढे बाहेरून परतल्या.

म्हणजे थोडी कोरड या जंगलात बहर आणते आणि लांबलेली कोरड तिथलीच साखळी तोडते. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला, तरी मधला खंड पीक घालवतो. कीटकांचेही मरण-जगणे सरासरीपेक्षा खंडावर ठरते.

मोजणाऱ्याचीही इथेच फसगत होऊ शकते. पोर्तो रिकोतल्या लुकियो जंगलात ब्रॅडफोर्ड लिस्टर यांनी १९७६-७७ मध्ये किडे मोजले होते. साडेतीन दशकांनी पुन्हा मोजल्यावर जमिनीलगतच्या चिकट सापळ्यांत सापडलेल्या किड्यांचे वजन ३० ते ६० पटींनी घटलेले दिसले. २०१८च्या त्यांच्या शोधनिबंधाने तापमानवाढीकडे बोट दाखवले आणि जगभर खळबळ उडाली. त्याच जंगलात दीर्घकाळ नोंदी ठेवणाऱ्यांनी मात्र हरकत घेतली: या दोन मोजण्यांच्या मध्ये १९८९चे ह्यूगो आणि १९९८चे जॉर्जेस ही चक्रीवादळे येऊन गेली, त्यांचे काय? वादळाने झाडांचे छत उघडले की ऊन जमिनीवर पोचते, कोवळी झाडे उसळतात, रस शोषणारे किडे वाढतात, पाने खाणारे घटतात. छत मिटू लागले की गणित पुन्हा फिरते. असा चढउतार दोन टिंबे जोडून काढलेल्या रेषेत दिसत नाही.

ही हरकत मला पटते, पण तिच्यातून दिलासा घ्यावासा वाटत नाही. धक्के सोसण्याची या जंगलांची ताकद दोन गोष्टींवर उभी आहे: दोन धक्क्यांमधली उसंत आणि शेजारी शाबूत असलेले जंगल. लांबीर जेमतेम सात हजार हेक्टरांचे आहे आणि आसपास तेलताडाचे मळे पसरले आहेत. पुढच्या अवर्षणानंतर परतायची वास्प कुठून येणार? किडे किती उरले, हा प्रश्न आवश्यकच आहे. त्याचे उत्तर मिळायला मात्र दशके जातात. त्यांना परतायला वाट ठेवली आहे का, हे नकाशा पाहून आजच सांगता येते, आणि नसेल तर वाट राखण्याचे काम मोजणी संपायची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही.